जुना प्रेशर कॅनर वापरण्यापूर्वी

अमेरिकेत उन्हाळ्याची चाहूल लागली, की गल्लोगल्ली 'गॅरेज सेल'च्या पाट्या झळकू लागतात. घरातील जुन्या, नकोशा झालेल्या वस्तू अंगणात मांडून विकण्याची ही प्रथा तेथे चांगलीच रुजलेली आहे. अशा मांडणीत मुलांच्या सायकली, पुस्तके आणि काचसामान यांच्या जोडीने अनेकदा एक जाडजूड, वजनदार ॲल्युमिनियमचे भांडे दिसते. त्यात लिटरभराच्या सहा-सात बरण्या सहज उभ्या राहाव्यात, एवढी त्याची उंची आणि घेर असतो. झाकणावर घड्याळासारखी तबकडी, शेजारी एक चिमुकली तोटी आणि कडेने झाकण आवळण्यासाठी हाताने फिरवायचे नट. प्रथमदर्शनी तो आपल्याकडील प्रेशर कुकरचा थोरला भाऊ वाटतो. प्रत्यक्षात तो 'प्रेशर कॅनर' असतो आणि अन्न शिजविणे हे नव्हे, तर अन्न टिकविणे हे त्याचे काम असते.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी ज्यांनी परसबागेचा नाद लावून घेतला आहे, त्यांची या भांड्याशी गाठ पडतेच. ऑगस्ट महिन्यात घेवडा, मका आणि टोमॅटो यांचा असा काही पूर येतो, की शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटूनही तो ओसरत नाही. फ्रीझर भरून जातो. मग शेजारच्या एखाद्या आजीबाई भाजी बरण्यांत बंद करून ठेवण्याचा सल्ला देतात आणि नव्याच्या तुलनेत अगदी थोड्या पैशांत जुना कॅनर घरी येतो.

जुना कॅनर घेण्यात मुळात गैर काहीच नाही. चांगल्या ओतीव ॲल्युमिनियमचे भांडे दोन-तीन पिढ्या निर्वेधपणे चालते. मात्र ते घेणाऱ्याच्या मनात भीती असते ती स्फोटाची. ही भीती निराधार नाही. परंतु ती अपुरी आहे. भांडे फुटण्याहून मोठा आणि अधिक कपटी धोका आहे तो भांडे न फुटता, निमूटपणे अपुरे काम करीत राहण्याचा. तबकडीवर दाब पुरेसा दिसतो, बरण्यांची झाकणे घट्ट बसतात, भाजी डोळ्यांना सुरेख दिसते आणि तरीही ती प्राणघातक असू शकते.

उकळत्या पाण्याला न जुमानणारा जिवाणू

हे असे का होते, हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. अन्न बाटलीत घालून, बूच घट्ट लावून, ती बाटली उकळत्या पाण्यात ठेवली असता अन्न टिकते, हे फ्रान्समधील निकोला अपेर याने दाखवून दिले आणि त्याबद्दल त्याला १८१० साली फ्रेंच सरकारकडून बारा हजार फ्रँकचे पारितोषिक मिळाले. अन्न का टिकते, हे मात्र त्याला ठाऊक नव्हते. ते कळण्यासाठी लुई पाश्चरपर्यंत वाट पाहावी लागली. बंद भांड्यात वाफ कोंडून तापमान उत्कलनबिंदूच्या वर नेता येते, हे त्याआधीच, १६७९ साली, दनी पापँ याने सिद्ध केले होते. भांडे फुटू नये म्हणून वाफेला वाट करून देणारा सेफ्टी व्हॉल्व्हही त्यानेच बसविला. आजच्या कॅनरमध्ये या दोन शोधांचा संगम झालेला आहे.

हा संगम आवश्यक ठरला तो 'क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम' या जिवाणूमुळे. तो मातीत सर्वत्र असतो. त्याचे बीजाणू शंभर अंश सेल्सियसच्या उकळत्या पाण्यात तासन्‌तास तग धरू शकतात. इतर सर्व सूक्ष्मजीव मेलेले, हवा निघून गेलेली, आम्लता कमी आणि ओलावा भरपूर अशी बंद बरणी म्हणजे या बीजाणूंच्या दृष्टीने अंकुरण्यास आदर्श जागा होय. अंकुरल्यावर ते जे विष निर्माण करतात, ते ज्ञात विषांपैकी सर्वांत तीव्र विषांत गणले जाते. पापण्या जड होणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, बोलणे अडखळणे, गिळता न येणे आणि पुढे श्वसनाचे स्नायू लुळे पडणे अशा क्रमाने तो आजार सरकत जातो. वेळीच प्रतिविष आणि श्वसनयंत्र मिळाले, तर रोगी वाचतो. परंतु पूर्ववत होण्यास काही आठवडे, कित्येकदा महिनेही लागतात.

अमेरिकेच्या कृषी खात्याने १९१७ सालीच कमी आम्लतेचे अन्न टिकविण्यास दाबाखालील वाफ हीच सुरक्षित पद्धत असल्याचे जाहीर केले. पुढे १९१९-२० मध्ये डबाबंद काळ्या ऑलिव्हमुळे विषबाधेच्या घटना घडल्या, तेव्हा कॅलिफोर्नियात या बीजाणूंच्या उष्णतासहनशक्तीचा शिस्तबद्ध अभ्यास झाला. १९२२ साली एस्टी आणि मायर यांनी प्रसिद्ध केलेल्या आकड्यांवर आजचे डबाबंद अन्नाचे शास्त्र उभे आहे. समुद्रसपाटीवर दर चौरस इंचाला १० पौंड दाब दिला, तर वाफेचे तापमान सुमारे ११५ अंश आणि १५ पौंड दिला, तर १२१ अंश सेल्सियस होते. साध्या पातेल्यात पाणी कितीही वेळ खळखळत ठेवले, तरी ते शंभराच्या वर जात नाही.

येथे एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. महाराष्ट्रातील घरांत कॅनर कधी आला नाही आणि त्याची उणीवही कधी भासली नाही. आपल्या आजी-पणजींनी लोणचे आम्ल, मीठ आणि तेल यांवर टिकविले. मुरांबा साखरेवर आणि सांडगे-पापड उन्हावर. कोकणात आंब्याचा रस बाटल्यांत भरून उकळत्या पाण्यात ठेवतात, तो टिकतो. कारण आंबा मुळातच आंबट. शास्त्रज्ञांनी ही सीमारेषा ४.६ या सामूवर, म्हणजे पीएचवर, आखलेली आहे. त्याखालील आंबट पदार्थांना उकळते पाणी पुरते. त्यावरील सर्व पदार्थांना, म्हणजे घेवडा, मका, गाजर, बटाटा, वाटाणा, कडधान्ये आणि मांस यांना, दाबच हवा. साहजिकच, मुरांब्याच्या अनुभवावर विसंबून घेवड्याच्या बरण्या भरणारी सुगरण फसण्याचा संभव असतो.

ही भीती पुस्तकी नव्हे. ओहायो राज्यातील लँकेस्टर या गावी एप्रिल २०१५ मध्ये चर्चमधील सहभोजनानंतर २९ जणांना बोट्युलिझमची बाधा झाली आणि एकाचा मृत्यू झाला. त्याचे मूळ बटाट्याच्या सॅलडमध्ये सापडले. त्यातील बटाटे घरी बरण्यांत भरलेले होते, आणि भरताना कॅनरऐवजी उकळत्या पाण्याचे भांडे वापरलेले होते. न्यूयॉर्क शहरात जून २०१८ मध्ये एकाच कुटुंबातील तीन महिला अशाच आजारी पडल्या. तेथे पीचच्या मुरंब्याची कृती जशीच्या तशी उचलून पीचच्या जागी वाटाणे घातले गेले होते. तिघी वाचल्या. या दोन्ही ठिकाणी भांडे फुटले नव्हते आणि स्वयंपाकघरात कोणालाही काही वावगे जाणवले नव्हते.

भांडे घरी आणण्यापूर्वी

जुन्या बाजारात मिळणारे जड, नटांनी आवळायचे कॅनर बहुधा १९७० च्या आधीचे असतात. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास घरगुती कॅनर बाजारात आले. विस्कॉन्सिन राज्यातील ओ क्लेअर येथील 'नॅशनल' (हीच कंपनी पुढे 'प्रेस्टो' या नावाने प्रसिद्ध झाली) आणि त्याच राज्यातील मॅनिटोवॉक येथे तयार होणारा 'ऑल अमेरिकन' ही नावे त्यांत वारंवार भेटतात. दुसऱ्या महायुद्धात घरोघरी 'व्हिक्टरी गार्डन' फुलल्या, तेव्हा या भांड्यांचा बोलबाला झाला. सत्तरच्या दशकापासून त्यांच्या रचनेत मोठा बदल झाला. भिंती पातळ झाल्या, फिरवून बसणारी झाकणे आली आणि दाब असताना झाकण उघडूच नये, अशी कुलूपवजा व्यवस्था आली. जुन्या भांड्यात ही शेवटची सोय नसते, हे वापरणाऱ्याने सतत ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

खरेदीच्या वेळी सर्वप्रथम पाहावे ते उत्पादकाचे नाव आणि मॉडेल क्रमांक. तो तळाशी, झाकणावर किंवा मुठीवर उठविलेला असतो. क्रमांक नसेल, तर योग्य मापाची रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह मिळणे दुरापास्त होते. आणि भाग मिळत नसलेला कॅनर कितीही देखणा असला, तरी तो कुंडी म्हणूनच वापरावा, हे उत्तम. त्यानंतर झाकण सपाट ओट्यावर पालथे ठेवून ते डुगडुगते का, ते पाहावे. तळावर फूटपट्टी आडवी धरली असता खाली उजेड दिसला, तर भांडे कधीतरी कोरडे तापलेले आहे आणि त्याचा तळ वाकलेला आहे, असे समजावे. भांड्याच्या काठावर टोचे, पोचे किंवा खवले असतील, तर वाफ तेथून निसटणार. झाकणाला केसाएवढी जरी चीर दिसली, तरी ते भांडे घेऊ नये. त्याला डाग देऊन अथवा वेल्डिंग करून वापरण्याचा मोह तर मुळीच होऊ देऊ नये. नटांचे आटे झिजले आहेत का आणि बरण्या ठेवण्याची तळाची जाळी सोबत आहे का, हेही तेथेच पाहिलेले बरे. जाळी नसेल, तर बरणीचा तळ थेट भांड्याला टेकून काच तडकते.

काळवंडलेला आतील भाग मात्र दोष नव्हे. ॲल्युमिनियम पाण्यातील क्षारांमुळे काळे पडते. ते दिसण्यापुरतेच असते. खोल खड्डे पडलेले असतील, तर गोष्ट वेगळी.

रबर, व्हॉल्व्ह आणि तोटी

भांडे टिकाऊ असले, तरी त्यावरील लहान भाग टिकाऊ नसतात. कुकरची रिंग सैल झाली, की वाफ कडेने फुसफुसते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. कॅनरची रबरी रिंगही तशीच कडक होते, आक्रसते, तिला भेगा पडतात. जुन्या कॅनरची रिंग चांगली दिसली, तरी ती नवी घ्यावी. तिच्याबरोबरच झाकणावरील रबराची लहानशी सेफ्टी गोळीही बदलावी, कारण दाब हाताबाहेर गेल्यास उडून वाफेला वाट देणारा हाच भाग होय. रबर कडक झाले, तर ती वेळेवर उडत नाही. दोन-तीन वर्षांनी या दोन्ही गोष्टी बदलण्याची सवय ठेवावी. रिंगला तेल लावावे की नाही, हे मात्र त्या-त्या मॉडेलच्या सूचनेवर अवलंबून आहे. 'ऑल अमेरिकन'च्या भांड्यांत रबराची रिंग नसतेच. धातूवर धातू बसून ते बंद होतात. त्यांच्या काठाला अधूनमधून ऑलिव्ह तेलाचा किंवा व्हॅसलिनचा पुसट हात फिरवावा लागतो आणि समोरासमोरचे नट जोडीजोडीने, सारख्याच ताकदीने आवळावे लागतात. एक बाजू आधी गच्च केली, तर झाकण तिरके बसते.

वाफेची नळी उजेडाकडे धरून तिच्यातून आरपार दिसते की नाही, हे दर वेळी पाहणे आवश्यक. जुन्या भांड्यांत नळीऐवजी लहान तोटी असते. ती क्षारांनी जाम झालेली असणे हा नेहमीचाच अनुभव. ती काढून, व्हिनेगरमध्ये भिजवून, साफ करता येते. काही जुन्या मॉडेलांत ही तोटी काढून तिच्या जागी नळी आणि शिट्टीसारखे वजन बसविता येते. हा बदल करण्याजोगा आहे, परंतु उत्पादकाने त्या मॉडेलसाठी दिलेल्या सुट्या भागांनीच. मापाचा अंदाज घेऊन आटे पाडणे, दुसऱ्याच कंपनीचा व्हॉल्व्ह बसविणे किंवा झाकणाला नवे भोक पाडणे असले उद्योग वाफेच्या भांड्याशी करू नयेत.

तबकडी खोटे बोलते तेव्हा

जुन्या कॅनरच्या सुरक्षिततेचा खरा कस लागतो तो तबकडीवर, म्हणजे गेजवर. गेज दोन तऱ्हांनी चुकू शकते. ते प्रत्यक्षाहून कमी दाब दाखवीत असेल, तर भाजी गरजेपेक्षा अधिक शिजून मऊ पडेल, एवढेच. मात्र ते प्रत्यक्षाहून अधिक दाब दाखवीत असेल, तर तबकडीवर ११ दिसत असताना आत ८ पौंडच असू शकतात आणि बीजाणू जिवंत राहतात. ही दुसरी चूक डोळ्यांना दिसत नाही, कानांना ऐकू येत नाही. त्यामुळेच गेज दर वर्षी, हंगामापूर्वी तपासून घेण्याचा आग्रह धरला जातो.

ही तपासणी करून देण्याची व्यवस्था अमेरिकेत आहे, ही मोठीच सोय म्हणावी लागेल. १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्यानुसार तेथील राज्य विद्यापीठांची कृषी विस्तार कार्यालये जिल्ह्या-जिल्ह्यांत स्थापन झाली. राहुरी, दापोली, अकोला आणि परभणी येथील आपली कृषी विद्यापीठे ज्या नमुन्यावर उभी राहिली, तोच हा नमुना होय. यांपैकी अनेक कार्यालयांत प्रमाणित गेजशी तुलना करून घरच्या गेजची पारख करून मिळते. त्यासाठी पूर्ण भांडे नेण्याची गरज नसते, झाकण पुरते. दोन पौंडांहून अधिक फरक आढळला, तर गेज बदलण्यास सांगतात. एक अडचण मात्र ठाऊक असावी. पुष्कळ कार्यालयांतील उपकरण प्रेस्टो, नॅशनल, मेड ऑफ ऑनर आणि मॅजिक सील या नावांच्या गेजलाच लागू पडते. दुसऱ्या बनावटीचे गेज असेल, तर उत्पादकाकडे चौकशी करावी किंवा सरळ नवे घ्यावे.

यावर एक साधा उपाय आहे, तो म्हणजे वजनाचा. प्रेस्टोच्या ज्या कॅनरवर गेज आणि १५ पौंडांचे एकच वजन असते, त्यासाठी ५, १० आणि १५ पौंडांना चालणारे तीन तुकड्यांचे वजन वेगळे मिळते. धातूच्या तुकड्याचे वजन वर्षागणिक बदलत नाही, त्यामुळे त्याला तपासणीही लागत नाही. जुना कॅनर अद्ययावत करण्याच्या सर्व उपायांत हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचा ठरतो. येथे शिट्ट्या मोजण्याची आपली सवय मात्र बाजूला ठेवावी लागते. कॅनरमध्ये वेळ घड्याळावर मोजतात. वजन काही बनावटींत मिनिटाला दोन-तीनदा थरथरते, तर काहींत सावकाश डुलत राहते. त्यावरून दाब टिकून आहे एवढेच कळते.

उंची आणि कोंडलेली हवा

समुद्रसपाटीपासून जसजसे वर जावे, तसतसा हवेचा दाब कमी होतो आणि तोच आकडा दाखविणारी वाफ प्रत्यक्षात कमी तापलेली असते. गेज असलेल्या कॅनरसाठी २,००० फुटांपर्यंत ११ पौंड, ४,००० पर्यंत १२, ६,००० पर्यंत १३ आणि ८,००० पर्यंत १४ पौंड असा हिशेब आहे. वजनाच्या कॅनरला मधले आकडे नाहीत. १,००० फुटांपर्यंत १० पौंड आणि त्यावर थेट १५. डेन्व्हर हे शहर मैलभर उंचीवर आहे. तेथे गेजला १३ आणि वजनाला १५ पौंड लागतील. पुण्याची उंची सुमारे १,८०० फूट धरली, तर तेथेही गेजला ११, पण वजनाला १५ पौंडच लागतील. सपाट प्रदेशातून डोंगराळ राज्यात घर हलविणाऱ्या कुटुंबाने ही गोष्ट सामानाच्या यादीत लिहून ठेवावी.

दुसरी चूक हवेची. आत हवा कोंडलेली राहिली, तर वाफ आणि हवा यांचे मिश्रण तोच दाब दाखविते. परंतु त्याचे तापमान कमी असते. त्यासाठी झाकण लावल्यावर तोटी उघडी ठेवून अथवा वजन न ठेवता वाफेचा अखंड झोत दहा मिनिटे बाहेर पडू द्यावा लागतो आणि मगच तोंड बंद करावयाचे असते. जुन्या पुस्तिकांत ही मुदत कमी दिलेली असली, तरी दहा मिनिटेच धरावीत.

पुस्तिकेचा विषय निघालाच आहे, तर तिच्याबद्दल थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे. जुन्या कॅनरबरोबर कित्येकदा पिवळी पडलेली मूळ पुस्तिका मिळते आणि ती जपून ठेवण्यासारखीच असते. यंत्र कसे उघडावे, कोणता भाग कोठे बसतो, यासाठी तिच्यासारखा गुरू नाही. मात्र तीत दिलेल्या वेळा पाळू नयेत. अमेरिकी कृषी खात्याने घरगुती बरणीबंद अन्नाची समग्र मार्गदर्शिका १९८८ साली प्रसिद्ध केली, तेव्हा जुन्या वेळा नव्याने तपासल्या गेल्या. त्यानंतर तिच्या अनेक सुधारित आवृत्त्या निघाल्या. जॉर्जिया विद्यापीठातील घरगुती अन्नसंरक्षण केंद्राकडूनही त्याच धर्तीची माहिती मिळते. त्यानुसार घेवड्याला पाइंटच्या, म्हणजे साधारण अर्ध्या लिटरच्या बरणीसाठी २० मिनिटे आणि क्वार्टच्या, म्हणजे जवळजवळ लिटरच्या बरणीसाठी २५ मिनिटे लागतात. बटाट्याला ३५ आणि ४०, तर मक्याच्या दाण्यांना ५५ आणि ८५ मिनिटे. ओहायोतील त्या बटाट्यांना ही चाळीस मिनिटे दाबाखाली मिळाली असती, तर त्या भोजनाची बातमी झाली नसती.

जुन्या बरण्यांविषयीही तेच. तारेच्या कडीच्या, जस्ताच्या झाकणाच्या बरण्या शोभेसाठी ठेवाव्यात. आत चकती आणि बाहेर आट्याची कडी अशी दोन भागांची झाकणेच वापरावीत आणि चकती दर वेळी नवी घ्यावी.

पहिला वापर

नव्या रिंगसह पहिला प्रयोग अन्न न घालता, केवळ पाण्यावर करावा. तळाशी दोन-तीन इंच पाणी घालून, झाकण आवळून, दहा मिनिटे वाफ सोडून मग दाब चढू द्यावा. कडेने वाफ येते का, सेफ्टी व्हॉल्व्हपाशी थेंब जमतात का आणि आच मंद केल्यावर आकडा स्थिर राहतो का, हे पाहावे. जड भांड्यांना आच कमी-जास्त केल्याचा परिणाम दाखविण्यास वेळ लागतो; तो स्वभाव हाताला कळावा, यासाठीही हा प्रयोग मोलाचा. खऱ्या बरण्या आत असताना दाब मध्येच ठरलेल्या आकड्याखाली गेला, तर तो पुन्हा चढवून वेळ पहिल्यापासून मोजावी लागते. उरलेली मिनिटे पुरी करणे पुरेसे नाही.

वेळ संपल्यावर भांडे आपोआप निवू द्यावे. कुकरवर थंड पाण्याची धार सोडून झाकण काढण्याची सवय अनेक घरांत आहे. कॅनरच्या बाबतीत ती दोन कारणांनी घातक ठरते. एक तर बरण्यांतील रस उसळून बाहेर येतो, क्वचित काचही फुटते. दुसरे म्हणजे दाब उतरण्याचा काळ हा प्रक्रियेचाच भाग म्हणून हिशेबात धरलेला असतो. गेज नसलेल्या जाड भिंतींच्या जुन्या कॅनरला पाइंटच्या बरण्या असतील तर सुमारे ३० आणि क्वार्टच्या असतील तर ४५ मिनिटे द्यावीत. मग वजन काढून किंवा तोटी उघडून आणखी दहा मिनिटे थांबावे आणि झाकणाची पलीकडची कड आधी उचलावी, म्हणजे वाफ चेहऱ्यावर येत नाही. झाकणाला कुलूप नसलेल्या भांड्यात घाईने नट सैल करणे हेच बहुतेक भाजण्याचे कारण असते.

भारतातून बरोबर नेलेल्या कुकरमध्येच हे सारे का करू नये, असा प्रश्न हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर याच निवण्यात आहे. क्वार्टच्या किमान चार बरण्या उभ्या राहतील एवढे मोठे भांडे असेल, तरच त्याला कॅनर म्हणावे, असा दंडक आहे. लहान कुकर झटपट तापतो आणि झटपट निवतो, त्यामुळे तक्त्यातील मिनिटे तेवढीच असली, तरी अन्नाला मिळणारी एकूण उष्णता कमी पडते. तीच गोष्ट विजेवरच्या बहुउपयोगी कुकरची.

मराठी स्वयंपाकघराच्या दृष्टीने आणखी एक मर्यादा महत्त्वाची आहे. फोडणी घातलेली आमटी, घट्ट वरण, बेसन लावलेली भाजी, तांदूळ किंवा लाल भोपळ्याचा लगदा यांसाठी तपासलेल्या वेळा उपलब्ध नाहीत. घट्ट पदार्थाच्या गाभ्यापर्यंत उष्णता केव्हा पोचेल, हे सांगता येत नाही. तेलात बुडविलेला लसूण तर बरणीत बंद करूच नये. उलट भिजवून उकडलेला राजमा, छोले किंवा चवळी पाण्यासह भरता येते. त्यांना पाइंटसाठी ७५ आणि क्वार्टसाठी ९० मिनिटे लागतात आणि फोडणी बरणी उघडल्यावर द्यावी. टोमॅटो सीमारेषेवर असल्याने त्यात क्वार्टमागे दोन आणि पाइंटमागे एक मोठा चमचा बाटलीतील लिंबूरस घालतात. ताज्या लिंबाची आम्लता फळागणिक बदलते.

हंगाम संपला, की रिंग काढून, धुऊन, कोरडी करून वेगळी ठेवावी. झाकण भांड्यावर आवळून न ठेवता पालथे ठेवावे, म्हणजे आत कुबट वास साचत नाही. गेज मात्र कधीही पाण्यात बुडवू नये. ते ओल्या फडक्याने पुसावे आणि पुढच्या वर्षी तपासणीला नेताना झाकण गाडीत आपटणार नाही, अशा बेताने गुंडाळावे. एका धक्क्यानेही काटा सरकतो.